ऐकत राहायला किती लागतं

एप्रिलच्या दुपारी आमच्या सांगलीतल्या गल्लीत लाईट जाते. पंखे एकेक करून थांबतात, बायका पदरानं वारा घेत दारात येतात आणि बोर्डाच्या नावानं बोटं मोडतात. मी खिडकीशी बसून असते. लाईट गेल्याचं मला कधी फारसं काही वाटलं नाही. लाईट येण्याचं मात्र फार वाटतं. ती आली की अजूनही छातीत काहीतरी ताठ उभं राहतं. नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यानं लावलेलं हे वळण आहे आणि ते सोडायची मला इच्छा नाही.

तो माझ्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा उन्हाळा. उंब्रजच्या आत, कृष्णेच्या काठाला एक गाव आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तशी गावं पुष्कळ आहेत आणि एकालाच का उन्हात धरायचं. त्या गावाच्या कडेला आमची वस्ती. माझे वडील सांगलीला प्राथमिक शाळेत मास्तर होते. शेत बघायची ती त्यांची थोरली बहीण, माझी शेवंता आत्या. नवरा गेल्यावर ती सासर सोडून आली आणि आजोबांच्या वाट्याचा नदीकडचा तुकडा तिनं कसायला घेतला. हायवेलगत नव्यानं निघालेल्या एका कॉलेजात मला इलेक्ट्रॉनिक्सला प्रवेश मिळाला. पत्र्याच्या छपराची लॅब होती, पण लॅब होती. मी आत्याकडं राहून रोज एसटीनं कॉलेजला जायची.

उन्हाळ्यात ऊस कसा जगतो, ते ज्यानं बघितलंय त्यालाच माहीत. सकाळी पानं सरळ असतात. दुपारी ती सुरळीसारखी आत वळतात आणि सगळं शेत अंग चोरून उभं असल्यासारखं दिसतं. संध्याकाळी ती परत उलगडली नाहीत, तर समजायचं की पाण्याला उशीर झाला. नदी डोळ्यांसमोर वाहत असायची. मोटर काठावर बसवलेली असायची. पण मोटरला तीन फेजची वीज लागायची आणि ती कधी येईल याचा नेम नसायचा. घरातला बल्ब एका फेजवर पेटलेला दिसायचा, त्यावरून मोटरचं काही कळायचं नाही. आपोआप चालू होणारं बटण मिळायचं, पण आत्याच्या मोटरचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाईपाच्या नदीतल्या टोकाची झडप, गळका होता. पाईपात पाणी न भरता मोटर फिरली असती तर जळून गेली असती. माणूस तिथं जायलाच हवा होता.

मग गावाला कसं कळायचं? हाकेनं. नदीकाठी जो असेल तो स्टार्टरचा दिवा पेटलेला बघायचा आणि ओरडायचा, "आली रंऽऽ!" ती हाक पुढचा शेतकरी उचलायचा, मग त्याच्या पुढचा. बांधामागून बांध ओलांडत ती हाक अशी धावत यायची की ऐकणाऱ्याला मौज वाटावी. शेवटच्या बांधावर, गावातल्या तात्यांच्या मळ्यापाशी, ती थांबायची. त्याच्या पुढं आमची वस्ती होती.

कुणी कधी भांडलं नाही. कुणी शिवी दिली नाही. फक्त हाक पुढं येत नव्हती. म्हणून आत्या सकाळी भाकरी बांधून नदीवर जायची आणि बाभळीच्या विरळ सावलीत दिवसभर स्टार्टरच्या पेटीकडं बघत बसायची. तण काढायला, भांगलणीला जाता येत नसे, घरचं काम पडून राहत असे. वीज आलीच नाही तर दिवस गेला. मी तिला एकदा विचारलं, "आत्या, तात्यांना सांगून बघायचं का, जरा मोठ्यानं हाक द्या म्हणून?"

आत्यानं विळ्याची धार अंगठ्यानं तपासली. "हाक मागून घ्याची नस्ती, सुजे. मागून घेतली की ती भीक हुती."

प्रोजेक्ट निवडायची वेळ आली, तेव्हा वर्गातल्या पोरांनी ठरावीक विषय घेतले. चौकातले सिग्नल, टाळी वाजवल्यावर पेटणारा दिवा, डिजिटल घड्याळ. पुण्यातल्या दुकानात असले प्रोजेक्ट रिपोर्टसकट तयार मिळायचे. मी सांगितलं, "मला एक रेडिओ रिसीव्हर करायचाय. नदीवरचा ट्रान्समीटर वीज आली की संदेश पाठवेल आणि दोन हाकांच्या अंतरावर रिसीव्हर वाजेल."

आमचे गाईड सर हसले. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना सगळं आधीपासून माहीत असायचं. "अगं, दोन हाकांचंच अंतर आहे ना? मग वायर टाक की सरळ."

"वायर कुणाच्या बांधावरून न्यायची, सर?"

त्यांना प्रश्न कळला नाही. मला उत्तर पाठ होतं. नदी आणि वस्तीच्या मध्ये सहा जणांचे बांध होते आणि सहाही जणांची परवानगी लागली असती. हवेला बांध नव्हता. लहरी तात्यांच्या उसावरून, विहिरीवरून आणि खुद्द तात्यांच्या पागोट्यावरून गेल्या असत्या तरी त्यांना कुणी अडवलं नसतं. ही गोष्ट मला पहिल्यांदा सुचली, तेव्हा मी एसटीत उभी होते आणि एकटीच हसले होते.

खरी अडचण पुढं होती. ट्रान्समीटरचं काही अवघड नव्हतं. तिन्ही फेज आल्या तरच तो बोलणार आणि तेव्हा त्याच्या हाताशी हवी तेवढी वीज असणार. खेळण्यातल्या मोटारीला लागते तेवढी ताकद त्याला पुरायची. रिसीव्हरला मात्र आत्याच्या कमरेच्या पिशवीत राहून, एका लहान सेलवर, दिवसचे दिवस कान देऊन बसायचं होतं. बोलणारा कधीतरी बोलतो, ऐकणाऱ्याला कायम ऐकावं लागतं. पुस्तकातलं सर्किट मी जोडलं, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सेल संपला.

आत्यानं तो मेलेला सेल तळहातावर घेऊन बघितला. "हे दर खेपेला बदलायचं?"

"हो. उंब्रजच्या बाजारातून आणायचा."

"मग न्हाई जमायचं. त्येचं पोट भरत बसायचं आसंल तर ते यंत्र माजं न्हाई, मीच त्येची गडी झाले की!"

मी हेच सरांना सांगितलं, अर्थात माझ्या शब्दांत. ते म्हणाले, "रिसीव्हर सतत चालू ठेवायचा म्हणजे तो सेल खाणारच. ऐकायला वीज लागते, हा नियम आहे."

"लागते, सर. पण इतकी लागते हा नियम कुठं आहे?"

"उद्धटपणा करू नकोस."

तो उद्धटपणा नव्हता. मला खरंच जाणून घ्यायचं होतं, की ऐकत राहायला कमीत कमी किती लागतं. आत्याकडं बघून मला इतकं कळलं होतं, की भाकरीच्या तुकड्यावर माणूस दिवसभर कान देऊन बसू शकतो. मग ट्रान्झिस्टरला कसली श्रीमंती हवी होती?

लायब्ररीतल्या एका जुन्या जाड पुस्तकात मला एक पद्धत सापडली. मोठ्या रेडिओत पुष्कळ ट्रान्झिस्टर ओळीनं बसून हलका आवाज पायरीपायरीनं वाढवतात. या पद्धतीत एकच ट्रान्झिस्टर ते सगळं काम करतो. झोक्यावरच्या पोराला सुटायच्या अगदी बेतात धरून ठेवावं, तसं त्याला धरायचं. सोडायचं, लगेच थांबवायचं, पुन्हा सोडायचं. अशा वेळी बाहेरून बारीकसा धक्का आला तर झोका नेहमीपेक्षा जरा आधी सुटतो. ते 'जरा आधी' ओळखलं की संदेश मिळाला. पुढं कंपन्यांनी ही पद्धत टाकून दिली होती. आवाज खरखरतो, म्हणून. आम्हाला कुठं गाणी ऐकायची होती?

त्यात मी माझी एक भर घातली. रिसीव्हरनं सारखं जागं राहायचं नाही. डोळे मिटून पडायचं आणि मधूनच एक डोळा किलकिला करून बघायचं. कुणी बोलत नसेल तर पुन्हा मिटायचा. नदीवरचा ट्रान्समीटर एकच संदेश बराच वेळ घोकत राहणार होता, त्यामुळं चुकायची भीती नव्हती. झोपवायचं आणि उठवायचं काम एका चिमुकल्या चिपकडं दिलं. ती इतकं कमी खायची की लॅबमधल्या मीटरचा काटा तिच्यासाठी जागचा हलेना. सरांना वाटलं, मीटर बिघडलाय. त्यांनी दुसरा आणवला. तोही हलला नाही.

रंगपंचमी, पाडवा कधी आले आणि गेले, ते त्या वर्षी मला कळलं नाही. माझी बोटं सोल्डरिंगनं पोळलेली असायची. तारेच्या कॉईल गुंडाळायला मी रिकाम्या रिफिली वापरायची. वस्तीतल्या बायका येऊन विचारायच्या, "काय करतीस गं?" आत्या माझ्या आधी सांगायची, "कान करतीया."

पहिला 'कान' मी चैत्रातल्या एका सकाळी तिच्या हातात दिला. नदीवर ट्रान्समीटर बसवला होता, त्याची तार बाभळीला बांधली होती. स्टार्टरपाशी जाऊन मी तो चाचणीसाठी सेलवर चालू केला आणि पळत परत आले. आत्या अंगणात उभी होती. तिच्या पिशवीतून बारीक, रातकिड्यासारखा आवाज येत होता. तिनं पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि नदीच्या दिशेनं बघत राहिली. त्या दिवशी, कितीतरी दिवसांनी, ती नदीवर न बसता भांगलणीला गेली.

आणि भर दुपारी तो कान बहिरा झाला.

वीज आली, राहिली आणि गेली. सगळ्या मळ्यांतून पाणी फिरलं. आत्याच्या पिशवीतून आवाज आला नाही. संध्याकाळी आम्ही दोघी बांधावर उभ्या राहिलो, तेव्हा उसाची पानं सुरळीच होऊन होती. पलीकडं तात्यांच्या नदीकडच्या तुकड्यातला ऊस न्हाल्यासारखा दिसत होता. तात्या स्वतः बांधावरून चालले होते. आमच्याकडं बघून म्हणाले, "काय शेवंते, आज न्हाई भिजवलंस? लाईट चांगली टिकली की."

आत्या त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "व्हय. बघितलं."

मला रडू येत होतं. परीक्षा जवळ आली होती, ऊस वाळत होता आणि दोन्हींच्या मध्ये माझं ते साबणाच्या डबीतलं यंत्र होतं. "आत्या, उद्यापासून तू नदीवरच बस. मी सिग्नलचा प्रोजेक्ट करते."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की तशी ती तात्यांकडंही कधी बघत नसे. "एक डाव फसलं म्हून सोडाया बसलीस? आगं, चार वर्सं उसाला भाव न्हवता, तवा मी काय बांधावर लिंबं इकत बसले? त्ये दुपारीच का मुकं झालं, ते बघ आदी. सकाळी बोललं हुतं नव्हं?"

सकाळी बोलत होतं. दुपारी गप्प झालं. मी ट्रान्समीटरसारखाच एक लहान नमुना चालू केला, डबी उचलली आणि चुलीजवळ नेली. बहिरी. पाण्याच्या माठाला टेकवून ठेवली. बोलू लागली. पुन्हा चुलीपाशी. पुन्हा बहिरी. उन्हात ट्रान्झिस्टर तापत होता आणि त्याचा तो सुटायचा बेतच बिघडत होता. धक्क्याची वाट न बघता झोका आपला आपणच सुटत होता, मग आलेला खरा धक्का त्याला कळावा कसा? पत्र्याखालच्या लॅबमध्ये पंखा होता. शेतात नव्हता. मी यंत्र लॅबसाठी केलं होतं, आत्यासाठी केलंच नव्हतं.

उपाय सापडायला वेळ लागला, पण तो साधा होता. ट्रान्झिस्टरच्या अंगाला अंग लावून मी एक डायोड बसवला. दोघं सारखेच तापतात. उन्हानं एक जास्त मागू लागला, की दुसरा त्याला तेवढंच कमी देतो. आठवडाभर मी ती डबी दुपारच्या उन्हात पत्र्यावर ठेवली, संध्याकाळी माठावर ठेवली, आत्यानं ती भाकऱ्या थापताना चुलीशेजारी ठेवली. ती बोलत राहिली.

मग एका दुपारी आत्या बिनघोर खुरपत होती. पिशवी वाजली. ती उठली, पदर खोचला आणि बांधाबांधानं नदीकडं निघाली. तात्यांच्या मळ्यातनं "आली रंऽऽ" उठली, तेव्हा ती त्यांना ओलांडून पुढं गेलेली होती. त्या दिवशी पाईपातून पाणी बदाबदा आलं, आधी गढूळ, मग नितळ. आत्या पाटाची दारं मोडत एकेका सरीत पाणी सोडत गेली. मी गुडघाभर चिखलात उभी राहून पानं उलगडायची वाट बघत होते. ती लगेच उलगडत नसतात. तरी मी बघत होते.

उन्हाळ्याच्या अखेरीस रिपोर्ट लिहायची वेळ आली. पहिलं प्रकरण 'या यंत्राची गरज' हे. मी सरळ लिहिलं, की वीज आल्याची हाक गावात बांधाबांधानं दिली जाते, ती आमच्या वस्तीपर्यंत दिली जात नाही, म्हणून हे यंत्र. आत्याचं नाव लिहिलं.

सरांनी ते पान पेन्सिलनं उभं खोडलं. "हे टेक्निकल रिपोर्टमध्ये नको. 'शेतकऱ्यांच्या सोयीसाठी' इतकंच लिही. छान वाटतं."

"छान वाटेल, सर. पण खोटं होईल."

"खोटं कसं? तुझी आत्या शेतकरीच आहे ना?"

"बाकीच्या शेतकऱ्यांना हाक ऐकू येते. त्यांच्यासाठी मी कॉईल गुंडाळल्या नाहीत."

त्यांनी चष्मा काढला. या वेळी ते रागावले नव्हते. "बाहेरून परीक्षक येतील. कोण कसा असेल, सांगता येत नाही. तुझे मार्क जातील. मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय."

ते खरंच भल्यासाठी सांगत होते. त्यामुळं तर जास्त चीड आली. आपलं भलं म्हणजे नेहमी एखादं वाक्य गाळणं का असतं? मी पेन्सिलीची खूण रबरानं पुसली आणि पान होतं तसं टाईप करायला दिलं.

परीक्षक आले. धोतर-टोपीतले नव्हते, सफारीतले होते. त्यांनी डबी उघडली, आतला एकुलता ट्रान्झिस्टर बघितला आणि म्हणाले, "ही तर जुनी पद्धत. यात नवीन काय?"

"हे ऐकत राहतं आणि खात नाही, सर. आणि एप्रिलच्या उन्हात चालतं."

त्यांनी मीटर मागवला. काटा हलला नाही. त्यांनी पुन्हा वायरी तपासल्या. मग रिपोर्टचं पहिलं प्रकरण उघडून बराच वेळ वाचलं. लॅबमध्ये पत्रा तापून कडकड वाजत होता. शेवटी त्यांनी विचारलं, "हे पहिलं पान कुणी लिहायला सांगितलं?"

"कुणी नाही. घडलंय तसं लिहिलं."

"इंजिनिअरनं असल्या गोष्टींत पडू नये."

मी म्हणाले, "पडले नसते तर हे यंत्र झालंच नसतं, सर."

त्यांनी रिपोर्ट मिटला आणि दुसऱ्या मुलाला बोलावलं. वर्गात सगळ्यांत कमी मार्क माझ्या प्रोजेक्टला पडले. ज्यांनी दुकानातून सिग्नल आणले होते, ते माझ्या पुढं गेले. मी पास झाले, इतकंच. सर नंतर व्हरांड्यात भेटले, तेव्हा म्हणाले, "मी सांगितलं होतं." मी म्हटलं, "हो सर, सांगितलं होतं." आणि खरं सांगते, त्या क्षणी मला हलकं वाटत होतं. नंतरच्या आयुष्यात, सांगलीला परतेपर्यंत, मी पुण्यात याच कामात राहिले. चिमूटभर विजेवर ऐकत बसणारी यंत्रं केली, काही माणसांच्या अंगावर बसतात, काही भिंतीत. पुष्कळ ठिकाणी मला एखादं वाक्य गाळायला सांगितलं गेलं. नाही म्हणायची सवय त्या व्हरांड्यात लागली.

त्या वर्षी आत्याचा ऊस जगला. गावाला ते दिसलं. शिवाय हाक उठायच्या आधी शेवंता नदीवर पोचलेली असते, हेही दिसलं. हाक द्यायला नदीवर कुणी नसलं की बाकी सगळे फसायचे, ती फसत नसे. पाऊस लागायच्या आत एक दिवस तात्या बांधावर येऊन उभे राहिले.

"शेवंते, त्ये तुज्या पुतणीचं यंत्र आमालाबी एक करून दे म्हणावं."

आत्या शेण थापत होती. तिनं हात थांबवला नाही. "दील की. लय सोपं हाय म्हनती."

"मग कवा?"

"आवं, पर असं बांधावरनं मागायचं नसतं तात्या. घरी या. बसा. च्या घ्या. मग सांगा तिला, काय पायजे ते."

मी दारात उभी होते. तात्यांनी एकदा आमच्या घराकडं बघितलं, एकदा चुलीच्या धुराकडं. त्यांच्या घरातल्या कुणीही आमच्या घरात कधी पाणीदेखील प्यालं नव्हतं. ते म्हणाले, "बघू." आणि वळून निघून गेले. आत्यानं गोवरी भिंतीवर फट्‌कन मारली, जरा जास्तच जोरात.

तात्या आले नाहीत, त्या आठवड्यात नाही, कधीच नाही.

त्यांची धाकटी सून आली. मंदा तिचं नाव, माझ्याच वयाची असेल. दिवसाढवळ्या, वस्तीच्या मधल्या वाटेनं, डोक्यावरचा पदर नीट सारखा करत आली. सगळ्या दारांतून बायका बघत होत्या. ती आमच्या उंबऱ्याच्या आत आली, पोत्यावर मांडी घालून बसली आणि आत्याला म्हणाली, "आत्याबाई, च्या ठेवा. मामंजींस्नी सांगून आलीया."

"काय म्हनले?" आत्यानं विचारलं.

"काय म्हनायचं ते म्हनू देत."

आत्यानं चहा केला. गूळ घातलेला, आल्याचा, कढत. मंदानं कप बशीत ओतला, फुंकर मारली आणि एकेक घोट घेत सगळा संपवला. मग बशी आत्याच्या पुढं सरकवून म्हणाली, "आजून घाला थोडा." दुसराही संपवला. पदराच्या टोकानं ओठ पुसले, कॉईल गुंडाळत बसलेल्या माझ्याकडं वळली आणि हात पुढं केला.

"आता दे ती तार इकडं. मला करून नगं देऊस. कसं गुंडाळायचं ते शिकीव."